'उपजत' प्रसंगावधानाचे थोतांड

सत्कारसमारंभात हटकून ऐकू येणाऱ्या एका शब्दाशी आमचे भांडण आहे. विजेच्या धक्क्यातून कोणी शेजाऱ्याला सोडवले, की आपण त्याला शाल-श्रीफळ देतो, त्याच्या 'उपजत' प्रसंगावधानाची वाखाणणी करतो आणि निश्चिंतपणे घरी जातो. गुण उपजत ठरला की उरलेल्या सर्वांची सुटका होते. ज्याच्यापाशी तो आहे त्याने धावावे, आपण टाळ्या वाजवाव्यात!

गाण्याच्या बाबतीत आपण असे कधी म्हणतो काय? ग्वाल्हेर घराण्याची गायकी ऐकत वाढलेल्या घरांतून, मैफलीत क्षणात सुचलेल्या जागेमागे वर्षांचा रियाज असतो, हे मुलांनाही ठाऊक असते. सम शोधावी लागत नाही, म्हणूनच गायकाचे मन नव्या जागेसाठी मोकळे राहते. संकटात याहून निराळे काही घडत नाही. भीतीने लक्ष एकाच गोष्टीवर खिळते, स्मरण दगा देते, साधी किल्लीही कुलपात जात नाही. अंगवळणी पडलेली कृती मात्र आठवावी लागत नाही; ती हातून होते, आणि निर्णयासाठी बुद्धी शिल्लक राहते.

सरावाने माणूस यंत्र बनतो, असा आक्षेप येतो. त्याला जपानमधील कामाइशीच्या मुलांनी उत्तर दिले आहे. तोशिताका कातादा या प्राध्यापकांनी तेथील शाळांना वर्षानुवर्षे शिकवले होते : गृहीतांवर विसंबू नका, हाती असेल ते सर्व करा, आणि इतरांची वाट न पाहता आधी निघा. ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच उनोसुमाई भागातील मुले ठरलेल्या जागी पोहोचली. तेथील कडा ढासळताना दिसताच ती आणखी उंचावर गेली, आणि मग त्याहूनही वर. थोरल्यांनी धाकट्यांचे हात धरले होते. त्सुनामी आली तेव्हा ती सुरक्षित होती. नेमलेली जागा सोडण्याचे धैर्य त्यांना सरावानेच दिले.

त्याच दिवशी इशिनोमाकीच्या ओकावा शाळेत मुलांना सुमारे पन्नास मिनिटे पटांगणात थांबवून ठेवले गेले. डोंगर शाळेमागेच होता. ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. ते शिक्षक भित्रे नव्हते की मूर्खही नव्हते. कोठे जायचे हे कोणी आधी ठरवलेलेच नव्हते. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने दोष ठेवला तो या पूर्वतयारीच्या अभावावर, आणि २०१९ मध्ये तो निकाल कायम झाला.

सराव मात्र खरा हवा. उनोसुमाईतच, जवळ पडते आणि लोक अधिक जमतात म्हणून, सखल भागातील एका केंद्रात सराव उरकला जाई. प्रत्यक्ष संकटात लोक सवयीने तेथेच गेले, आणि शंभराहून अधिक बुडाले. सोयीसाठी केलेला सरावही अंगवळणी पडतोच, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या सभागृहांकडे पाहू. गणेशोत्सवात पुढच्या रांगांत आपले वृद्ध बसतात. मागच्या दाराशी सतरंज्या आणि खुर्च्यांचा ढीग असतो. त्या दाराची किल्ली कोणापाशी, हे विचारावे लागते. भिंतीवर आग विझवण्याचे लाल सिलिंडर टांगलेले आहे. त्याची पिन ओढून नळी ज्वाळांवर नव्हे, आगीच्या बुडाशी धरायची असते, हे आपल्यापैकी किती जणांनी एकदा तरी करून पाहिले आहे? आम्हीही पाहिलेले नाही, हे कबूल करतो.

आमची मागणी साधी आहे. पुढील उत्सवापूर्वी एका संध्याकाळी, सभागृह भरलेले असताना, दिवे मालवून सर्वांनी मागच्या दाराने बाहेर पडावे. कोणत्या आजोबांना कोण हात देणार, हे नावानिशी ठरावे. स्वयंसेवकांनी सिलिंडर प्रत्यक्ष चालवावा. नाटकाच्या दोन महिने तालमी करणाऱ्या मंडळाला ही एक तालीम जड जाऊ नये. ती होईपर्यंत प्रसंगावधानाबद्दल कोणाचाही सत्कार करण्याचा अधिकार आपल्याला नाही.