रेंज फुल, तरी नेट का अडते?



किनवटला लागून असलेल्या गोकुंद्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "आमच्या गच्चीवरून टॉवर दिसतो. मोबाईलवर रेंज फुल असते. तरी संध्याकाळी पोरांच्या अभ्यासाचा व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहतो. माझे माहेर डोंगरातल्या तांड्यावर आहे. तिथे रेंजच्या दोनच काड्या येतात, पण कधी कधी तिथेच नेट बरे चालते. हे कसे?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या शेतातल्या डीपीपाशी सापडते. एका डीपीवर आठ-दहा मोटारी असल्या की पाणी जोरात पडते. त्याच डीपीवर पंचवीस मोटारी जोडल्या आणि लाईट आल्याबरोबर सगळ्यांनी बटण दाबले, की व्होल्टेज पडते आणि मोटारी नुसत्या घुमतात. डीपी तुमच्या बांधावर असला तरी उपयोग नाही. मोबाईलवरच्या काड्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती चांगला पोहोचतो एवढेच सांगतात. त्या टॉवरवर किती जणांचा लोड आहे, हे त्या सांगत नाहीत.

टॉवरला बहुधा तीन तोंडे असतात, आणि प्रत्येक तोंड आपापल्या दिशेची वस्ती सांभाळते. फोर-जीच्या 20 मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यावर, दोन अँटेनांच्या साध्या रचनेत, एका तोंडातून सेकंदाला 150 मेगाबिट माल निघू शकतो, पण तो कागदावर. प्रत्यक्षात बराच कमी निघतो. हिशेबापुरते 40 धरू. एका वेळी दहा जण वापरत असतील तर प्रत्येकाला 4 आले. ऐंशी जण बसले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा. अर्ध्या मेगाबिटात व्हिडिओ अडखळणारच.

शहराच्या कडेच्या वस्तीत नेमके हेच होते. 2011 च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 319 माणसे होती, आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात सुमारे 21 हजार. आपल्याकडे मुंबईइतकी दाटी नाही, हे खरे. पण टॉवरला जिल्ह्याची सरासरी ठाऊक नसते. त्याच्या तोंडासमोर किती घरे आली, तेवढेच तो जाणतो. नांदेडच्या तरोड्याकडे पाहा, पुण्याच्या वाघोलीकडे पाहा. ज्वारीच्या रानाचे प्लॉट पडतात, पाच-सात वर्षांत वसाहत उभी राहते, आणि टॉवर मात्र मागच्या हिशेबानेच असतात. दिवसा माणसे कामाला जातात. रात्री आठ ते अकरा सगळी घरी येऊन मोबाईल उघडतात. सप्टेंबर 2016 मध्ये जिओचे फोर-जी आले, पाठोपाठ नेट स्वस्त झाले, तेव्हापासून हा रात्रीचा लोड फार वाढला.

मग टॉवर वाढवावेत की! वाढवतातही. दाट वस्तीत टॉवर जवळ-जवळ आणि कमी ताकदीचे उभारतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडी घरे येतात. पण फार जवळ आले की जत्रेतल्या दोन भोंग्यांसारखे होते. दोन्ही ऐकू येतात आणि एकातलेही धड कळत नाही. 1 ऑक्टोबर 2022 ला देशात सुरू झालेल्या फाइव्ह-जीने दाटीच्या ठिकाणी चांगला हातभार लागतो, कारण त्याचा 3300 मेगाहर्ट्झचा पट्टा पुष्कळ रुंद आहे. मात्र तो फार लांब जात नाही, आणि भिंतीतून आत शिरताना दमतो.

तर मग विरळ वस्तीच बरी, असे कोणी म्हणेल. तसे मुळीच नाही. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या माहेरी नेट बरे चालते ते टॉवरवर गर्दी नसते म्हणून, आणि तेही 'कधी कधी'. कंपनी टॉवर उभारते ती ग्राहक मोजून. शंभर उंबऱ्यांच्या तांड्यासाठी तो खर्च तिला परवडत नाही, म्हणून एकच टॉवर लांब-लांबच्या पाच-सहा वाड्यांना पुरवायचा. त्यात आपला किनवट तालुका डोंगराचा आणि सागाचा. 700 ते 900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, पण तो पट्टा अरुंद असतो. डोंगर आडवा आला की त्याही अडतात. पावसाळ्यात सागाची रुंद, ओली पाने लहरी पिऊन टाकतात. उन्हाळ्यात पाने झडली की त्याच बांधावर रेंज थोडी सुधारते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. टॉवर ओरडतो आणि मोबाईल कुजबुजतो. टॉवरची ताकद वीस-चाळीस वॅटची, तर मोबाईलची फार तर पाव वॅटच्या आत. त्यामुळे लांबच्या शेतात व्हिडिओ दिसतो, पण आपला फोटो वर जात नाही. हे नुकसान साधे नव्हे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. फोटो गेला नाही तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही, आणि मग अतिवृष्टीच्या मदतीला खोळंबा. 2025 च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. ज्याच्या रानात नेट नाही, त्याचा कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो.

अशा विरळ गावांसाठी सरकारने वेगळा निधी ठेवला आहे. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातला 5 टक्के वाटा त्यात जातो, म्हणजे तुमच्या-माझ्या रिचार्जमधूनच. 2024 पासून त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी'. जुलै 2022 मध्ये केंद्राने फोर-जी नसलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलकडे दिले. आपले गाव त्या यादीत आहे की नाही, हे ग्रामसभेत विचारायला काय हरकत आहे? पैसा आपलाही आहे.

आता पत्राकडे वळू. गोकुंद्याच्या भगिनीने अभ्यासाचे व्हिडिओ पहाटे उतरवून ठेवावेत. पहाटे चार-पाचला टॉवर रिकामा असतो. रात्रपाळीला पाणी द्यायला तुमच्यापैकी किती तरी जण त्या वेळी जागेच असतात! फोटो पाठवायचा असेल तर उंचवट्यावर, टॉवरच्या बाजूला तोंड करून उभे राहावे, आणि शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. त्या दिवशी सरकारी कॉम्प्युटरवरही गर्दी उसळते, त्याला टॉवर तरी काय करणार?

तक्रार करायचीच तर मोघम करू नका. 'ट्राय मायस्पीड' हे सरकारी ॲप घेऊन पहाटे, दुपारी आणि रात्री नऊला वेग मोजा आणि वहीत लिहा. पहाटे चांगला आणि रात्री मंद असेल तर दाटीचे दुखणे आहे, तिथे टॉवरची क्षमता किंवा संख्या वाढवायला हवी. तिन्ही वेळा मंद असेल, तर टॉवर लांब आहे किंवा टॉवरला मागून येणारी लाईनच बारीक आहे. मग आपल्या कंपनीचा 198 नंबर लावून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय स्वतः एकेकट्याची तक्रार घेत नाही, तेव्हा तिकडे अर्ज करण्यात टपालखर्च घालवू नका.

आठ दिवसांचे आकडे जमले की, टॉवर तुमच्या घरापासून साधारण किती लांब आहे ते लिहून, आम्हालाही एक कार्ड टाका.