सिनेमा जिथे थांबतो

लुई झाम्परिनी हा अमेरिकन धावपटू 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये धावला. 1943 मध्ये त्याचे विमान प्रशांत महासागरात कोसळले. 47 दिवस तो रबरी तराफ्यावर तगला, नंतर दोन वर्षे जपानी छावण्यांत मार खात राहिला. लॉरा हिलनब्रँड यांनी 2010 मध्ये त्याचे चरित्र लिहिले, 'अनब्रोकन'. अँजेलिना जोलीने 2014 मध्ये त्यावर सिनेमा काढला.

सिनेमा वाईट नाही, पण तो सोयीच्या जागी संपतो. नायक घरी परततो, आईबापाला मिठी मारतो, झाले. पुस्तकात खरी झुंज त्यानंतरची आहे. छळ करणारा वातानाबे रोज स्वप्नात येतो. दारू लागते. एका रात्री झोपेत तो वातानाबेचा गळा आवळतो, आणि डोळे उघडतात तेव्हा हातात गरोदर बायकोचा गळा असतो. 1949 मध्ये श्रद्धेच्या आधाराने तो सावरतो. पुढच्या वर्षी जपानला जाऊन तुरुंगातल्या जुन्या पहारेकऱ्यांना माफ करतो. जोलीने हा भाग शेवटच्या पाट्यांवर उरकला.

नांदेड-लातूरच्या वाचकाला हे सांगण्याचे कारण आहे. आपल्या 1948 चेही असेच झाले. दरवर्षी 17 सप्टेंबरला झेंडा लागतो, मुक्तिसंग्रामाची भाषणे होतात आणि गोष्ट तिथेच संपते. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले ते पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने गावोगाव फिरून लिहिले. पोलीस ॲक्शनच्या काळात व नंतर किमान 27 ते 40 हजार माणसे गेली, असा तिचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेत. तिथल्या सुमारे 10 हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार दिसले. हा अहवाल अनेक दशके दाबून ठेवला गेला. आपल्या वाट्याला शेवटची पाटीसुद्धा आली नाही.

पण बोट फक्त तिकडे दाखवून चालणार नाही. त्यांचा सिनेमा 17 सप्टेंबरला संपतो, तसा आपला 17 सप्टेंबरला सुरू होतो. जणू त्याआधी काही घडलेच नव्हते! कासिम रझवी लातुरात वकिली करत होता. रझाकारांनी गावोगाव खंडणी वसूल केली, घरे जाळली, माणसे मारली. त्यांच्याविरुद्ध लिहिणारा 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत मारला गेला. तो मुसलमानच होता. आपल्या किती घरांत त्याचे नाव घेतात?

त्याच सुंदरलाल अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, आणि त्यात स्वतःचे जीव गमावले. हे विणकर ना त्यांच्या सिनेमात बसतात, ना आपल्या.

आमच्याकडची म्हातारी माणसे 'पोलीस ॲक्शन' एवढे दोन शब्द बोलतात आणि गप्प होतात. झाम्परिनीने माफ केले, कारण आपल्यावर काय गुजरले ते त्याला सांगता आले. ज्याला बोलूच दिले नाही, त्याच्याकडून माफीची अपेक्षा कोणी कशाला करावी? येत्या 17 सप्टेंबरला झेंडावंदनाला जरूर जा. पण घरी येऊन आजीजवळ बसा आणि आधीचेही विचारा, नंतरचेही.