दुसऱ्याच्या हातीं किल्ली

मागील महिन्यांत आम्ही साताऱ्याहून सांगलीस मुलाकडे गेलों होतों. आमची सून तेथील एका खाजगी प्राथमिक शाळेची नुकतीच मुख्याध्यापिका झाली आहे. रात्रीं जेवणें उरकल्यावर ती मेजाशीं एक निळी वही घेऊन बसली. उद्यांच्या पाठाचें टांचण असेल, असें आम्हांस वाटलें. पाहतों तों वहींत पानोपानीं खात्यांचीं नांवें! विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठीं 'सरल', शाळेच्या वार्षिक माहितीसाठीं 'यू-डायस प्लस', पगारबिलांसाठीं 'शालार्थ', शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीं 'दीक्षा'. शिवाय मध्यान्ह भोजनाची नोंद वेगळीच. प्रत्येकाचें दार निराळें आणि किल्लीहि निराळी. "अण्णा, मुलांना शिकवणें सोपें, हीं कुलपें सांभाळणें कठीण," असें ती हंसत म्हणाली. आम्हीहि हंसलों, परंतु त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. त्या वहीनें आमची एक जुनी चूक आम्हांपुढें उघडी करून ठेविली होती.

२०१५ सालीं महाराष्ट्रांत 'सरल' प्रणाली सुरू झाली, तेव्हां आमच्या नोकरीचीं दोनच वर्षें उरलीं होतीं. तोंवर आमचा सारा व्यवहार कागदाचा: हजेरीपट, जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचा दाखला. त्यांतील प्रत्येक अक्षर आम्ही स्वतः लिहीत असूं आणि लिहिलेलें दोनदां वाचीत असूं. संगणकापुढें बसण्याचा प्रसंग येतांच मात्र आम्ही वयाची सबब पुढें केली. एका तरुण सहकाऱ्यास आपला संकेतशब्द देऊन म्हणालों, "बाबा रे, आमच्या वर्गाचें तेवढें तूंच भरून टाक." तो बिचारा स्वतःच्या वर्गाचें काम संपवून, रात्रीं जागून, आमचेंहि करी. भरलेली माहिती वाचून पाहण्याची तसदीसुद्धां आम्ही घेतली नाहीं.

पुढील वर्षीं आमच्या वर्गांतील एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला. नोंदींतील जन्मतारीख आधारपत्राशीं जुळेना. दुरुस्ती होईपर्यंत मुदत टळून गेली. तिचे वडील मंडईंत हमाली करीत. ते अर्ध्या दिवसाचा खाडा करून शाळेंत आले, टोपी हातांत धरून उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, आफिसात म्हणत्यात, नोंद तुमच्या नावावर हाय. तारीख कशी चुकली?" आम्ही उत्तर दिलें, "यंत्राची चूक आहे." ते नमस्कार करून गेले. मागाहून आम्ही जनरल रजिस्टर उघडून पाहिलें. आमच्या हस्ताक्षरांत, काळ्या शाईनें लिहिलेली तारीख बिनचूक होती. यंत्राचा दोष नव्हता. मध्यरात्रीं पेंगुळलेल्या त्या सहकाऱ्यालाहि बोल लावण्यांत अर्थ नव्हता. आपली सही दुसऱ्याच्या हातीं देऊन आम्ही मोकळे झालों होतों, हीच खरी चूक. त्या दिवशीं तें कबूल करण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

वास्तविक आमचें गांव सातारा! कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें स्थापिलेली रयत शिक्षण संस्था १९२४ सालीं येथेंच आणली, आणि स्वावलंबी शिक्षण हें तिचें ब्रीद ठरविलें. त्या स्वावलंबनावर आम्ही वर्षानुवर्षें मुलांकडून निबंध लिहवून घेतले, आणि स्वतःवर वेळ येतांच परावलंबी झालों.

आमच्या शिक्षकबंधूंवरील भार थोडा आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. नोंदी भरतां भरतां शिकविण्याचें राहून जातें, ही त्यांची तक्रार रास्तच आहे. २०२० च्या मार्चांत शाळा बंद झाल्या, तेव्हां जन्मभर खडूवांचून कांहीं हातीं न धरलेल्या कित्येकांना अल्पावधींत झूम आणि गूगल मीट शिकावें लागलें. अनेक घरीं तर मुलेंनातवंडेंच त्यांचीं गुरु झालीं. परंतु यांतच एक मेख आहे. "आजोबा, द्या इकडे, मी करतों," असें म्हणून नातू चार ठिकाणीं बोट लावतो आणि काम होऊन जातें. आजोबा मात्र होते तेथेंच राहतात. विद्यार्थ्याचें गणित गुरुजींनींच सोडवून दिलें, तर विद्यार्थी काय शिकणार?

आमच्या सुनेनें असें केलें नाहीं. पुढील तीन रात्री ती आमच्या शेजारीं बसली. हात मात्र मांडीवर ठेविले. "अण्णा, तुम्हीच दाबा. चुकलें तर मागें येतां येतें." तिनें सांगितलेल्या गोष्टी अशा: प्रत्येक खात्यास संकेतशब्द वेगळा असावा, एक फुटला तर सारीं दारें उघडूं नयेत. तो लांब असावा. परस्परांशीं संबंध नसलेले चार-पांच शब्द जोडले तर लक्षांतहि राहतो. आम्ही मोठ्या हौसेनें एका प्रसिद्ध श्लोकाचा चरण सुचविला, तो तिनें तत्काळ नामंजूर केला; सर्वांस पाठ असलेलें तें गुपित कसलें? अमेरिकेंतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनेंहि २०१७ सालीं असें सुचविलें कीं, ठराविक मुदतीनें संकेतशब्द बदलण्याची सक्ती नको. तो फुटल्याचा पुरावा मिळाल्यास मात्र बदलावा. वहींत लिहून ठेवावयाचा असेल, तर ती वही घरच्या कपाटांत कुलपाखालीं असावी. कचेरींतील मेजाच्या कांचेखालीं नव्हे. मोबाईलवर येणारा ओटीपी मागणारा कितीहि गोड बोलला, तरी त्यास सांगूं नये.

तिच्या शाळेंत दोन वयस्क शिक्षिका आहेत. त्यांचें काम दुसऱ्या कोणी करावयाचें नाहीं, असा तिनें नियम केला आहे. तरुण शिक्षक शेजारीं बसतो, बोटें बाईंचीं चालतात, आणि नोंद पक्की करण्यापूर्वीं रजिस्टर उघडून दोघेहि ती ताडून पाहतात. वेळ अधिक लागतो. पण ज्याचें खातें, त्यालाच जबाब देतां येतो.

ज्या घरांत वडील माणसें आणि तरुण मुलें एकत्र नांदतात, तेथें ही शिकवणी फुकट मिळण्यासारखी आहे. तरुणांनीं थोडा धीर धरावा, वडिलांनीं थोडा अभिमान सोडावा, एवढेंच पुरे. येत्या नोव्हेंबरांत हयातीचा दाखला आम्ही स्वतःच्या हातानें भरणार आहों. सून केवळ शेजारीं बसेल.

साताऱ्यास परतल्यावर प्रथम आम्ही त्या मंडईंतील गृहस्थांचा शोध घेतला. थकले आहेत, पण ओळख विसरले नाहींत. चूक यंत्राची नव्हती, आमची होती, हें त्यांस सांगितलें. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पोरगी आता नर्सिंगला हाय, गुरुजी. तिलाबी सांगा." रविवारीं ती घरीं येणार आहे. आम्ही जाणार आहों.