सैंधव, थकवा आणि गळ्यातील ग्रंथी



वैशाखातील दुपार होती. खानदेशच्या उन्हाळ्याविषयी आपणांस मी काय सांगावे? अशा उन्हात शिरपूर तालुक्यातील एक छत्तीस वर्षांची भगिनी माझ्या चिकित्सालयात आली आणि बाकावर बसताच तिने पंखा बंद करण्याची विनंती केली. “दादा, आंगमा जीवच नही,” हे तिचे पहिले वाक्य. भूक मंद, मलावष्टंभ, अंगास जडत्व, केस गळणे, वजनात वाढ, मासिक रजःस्राव अधिक, अशी लक्षणे तिने सांगितली. मी अग्निमांद्य आणि मेदोवृद्धी असे निदान केले, आमपाचनाची योजना केली, पथ्य सांगितले आणि नेहमीच्या सवयीने सांगून टाकले, “घरातील मीठ बंद करा, सैंधव वापरा.”

चार महिने ती श्रद्धेने येत राहिली. उपशय नाममात्र होता. पाचव्या महिन्यात तिचा घोगरा झालेला आवाज आणि पापण्यांवरील सूज माझ्या ध्यानात आली. तेव्हा प्रथम मी तिच्या गळ्यास हात लावला. ग्रंथी वाढलेली होती. रक्ततपासणीत टी.एस.एच.चे प्रमाण सामान्य मर्यादेच्या कितीतरी पट आढळले. पंखा बंद करा, असे तिने पहिल्याच भेटीत सांगितले होते. ते मी ऐकले, पण त्याचा अर्थ लावला नाही. ही चूक माझी होती. तिच्याविषयी आपल्याच व्यासपीठावर लिहावे, असे पुष्कळ दिवस मनात होते.

अवटु ग्रंथी गळ्याच्या पुढील भागी असते. आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते आणि शरीरातील प्रत्येक पेशीच्या चयापचयाचा वेग त्या संप्रेरकावर अवलंबून असतो. संप्रेरक उणे पडले की मस्तिष्कातील पीयूषिका ग्रंथी टी.एस.एच. वाढवून अवटूला जणू हाका मारू लागते. म्हणूनच अवटु मंदावली असता टी.एस.एच. वाढलेले दिसते. जाठराग्नी व धात्वग्नी मंद झाल्याचे जे चित्र आपण शिकलो, त्याच्याशी ही अवस्था पुष्कळ जुळते. परंतु या साम्यातच धोका आहे. अग्निमांद्य हे नाव दिले की आपली जिज्ञासा तेथेच थांबते. तो अग्नी कोणत्या कारणाने मंदावला, हा निदानाचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

हा विकार रोगाच्या वेषात येत नाही, ही त्याची खरी अडचण. तो स्वभावाच्या वेषात येतो. सून आळशी झाली, मुलीचे अभ्यासात लक्ष नाही, बाई चिडचिडी झाली, वयोमानाने विसर पडतो, असे घरातील माणसे म्हणतात. पुढे रुग्णा स्वतःही तेच म्हणू लागते. कापूस वेचणीला किंवा केळीच्या बागेत मजुरीला जाणारी स्त्री थकवा हा आपल्या कष्टाचाच भाग समजते आणि वर्षानुवर्षे औषध मागत नाही. म्हणून प्रश्न आपणच विचारावयास हवेत. इतरांस उकडत असता आपणांस थंडी वाजते काय? आहार तोच असून वजन वाढले काय? आवाज बदलला काय? त्वचा कोरडी, मन उदास, पाळी अनियमित किंवा अधिक आहे काय? घरात आई-बहिणीस गळ्याचा विकार आहे काय? याउलट, भूक भरपूर असूनही कृशता, हृदयाची धडधड, हातास कंप आणि उष्णता असह्य होणे, ही लक्षणे ग्रंथीच्या अतिक्रियेची असू शकतात. अत्यग्नी म्हणून त्याकडे पाहताना तीही शक्यता मनात असावी.

दर्शन-स्पर्शन-प्रश्न ही परीक्षा आपलीच आहे. रुग्णास पाण्याचा घोट गिळावयास सांगावे. गिळताना अवटूची वाढ वर सरकते. या परीक्षेस अर्धे मिनिट पुरते आणि खर्च काही नाही. गळा सामान्य वाटला तरी लक्षणे जुळत असल्यास टी.एस.एच. तपासावे. प्रत्येक थकवा अवटूचा नसतो. रक्ताल्पता आणि मधुमेहही सोबतच पाहावेत.

आता सैंधवाविषयी. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात गलगंडाचे वातज, कफज व मेदोज असे तीन प्रकार वर्णिले, हे आपण जाणतो. परंतु सूत्रस्थानातील जलवर्णनात हिमालयातून निघणाऱ्या नद्यांच्या जलाने होणाऱ्या विकारांत त्यांनी गलगंड गणला, याचे स्मरण आपणांस क्वचितच होते. रोगाचा संबंध भूमीशी आणि जलाशी आहे, हे त्यांनी टिपले होते. पर्वतउतारावरील मातीतील आयोडीन पावसाने व पुराने वाहून जाते आणि मग त्या मातीतील धान्य-भाजीतही ते उणे राहते, असे आजचे शास्त्र सांगते. कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आरंभिलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ही न्यूनता केवळ हिमालयापुरती नाही, हेही पुढे देशभरातील सर्वेक्षणांनी दाखविले. सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांनी चिकित्सा केली, त्यांच्या डोळ्यांपुढे मोठ्या गळ्याच्या एखाद-दोन वृद्धा उभ्या राहतीलच.

खाण्याच्या आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवरील बंदी २००० साली केंद्राने उठविली होती. ती १७ मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे एक ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे, असे मानक ठरले. प्रौढास दिवसाकाठी १५० मायक्रोग्रॅमची, तर गर्भिणीस सुमारे २५० मायक्रोग्रॅमची गरज असते. सैंधव हे खनिज लवण आहे. वेगळे आयोडीन मिसळलेले नसेल, तर त्यातून ही गरज भागत नाही.

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतील, चरकाचार्यांनी नित्यसेवनीय द्रव्यांत सैंधव सांगितले आहे. ते सत्यच आहे. परंतु देश पाहून आहाराची योजना करा, हेही त्याच आचार्यांनी शिकविले. औषधी योगांत सैंधव अवश्य असावे. वाद आहे तो संपूर्ण कुटुंबाच्या स्वयंपाकघरातील मीठ बदलण्याचा. त्या घरात उद्याची गर्भिणी असते. पहिल्या तिमाहीत गर्भाची अवटु स्वतः संप्रेरक निर्माण करण्यास समर्थ नसते. त्याच्या मेंदूची वाढ मातेच्या संप्रेरकावर चालते. तेथे उणीव राहिली तर बालकाच्या बुद्धीची जी हानी होते, ती कोणत्याही मेध्य रसायनाने भरून येत नाही. रक्तदाबाच्या रुग्णासही मिठाचा प्रकार बदलण्यापेक्षा मात्रा कमी करण्यास सांगावे; सैंधवही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच आहे.

दुसऱ्या बाजूचाही अतिरेक नको. आयोडीन पुरेसे मिळत असताही ग्रंथी मंदावू शकते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, तो विकार जपानी शल्यवैद्य हाशिमोतो यांनी १९१२ साली वर्णिला. अशा रुग्णास आयोडीनचा अतिरिक्त मारा अपायकारक ठरू शकतो. तेव्हा आयोडीनयुक्त मीठ हा प्रतिबंध आहे, प्रत्येक अवटुविकाराची ती चिकित्सा नव्हे.

थायरॉक्सिनच्या गोळीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या औषधावर विश्वास म्हणून ती गोळी सोडावयास सांगणे, हा प्रकार आपल्यात घडतो. हे संप्रेरक शरीरातून अर्धे उणे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून गोळी थांबविल्यावर पहिले काही दिवस रुग्णास बरेच वाटते आणि त्याचे श्रेय आपल्या काढ्यास मिळते. लक्षणे काही आठवड्यांनी परततात. तोवर रुग्ण आपल्या हातून निसटलेला असतो. कांचनार गुग्गुळ असो वा अन्य योजना, ती गोळीसोबत चालावी. मात्रेतील बदल तपासणी पाहून, गोळी देणाऱ्या चिकित्सकाशी बोलूनच व्हावा. गोळी सकाळी अनशेपोटी घ्यावी. लोह व कॅल्शियम तिच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणून मंडूर, लोहभस्म, शंखभस्म, प्रवाळ यांच्या योगांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे, हे श्रेयस्कर.

माझी सूचना साधी आहे. आपल्या रुग्णपत्रिकेत दोन ओळी वाढवाव्यात: गळा पाहिला काय, आणि घरात मीठ कोणते. आठवडे बाजारातून सुटे खडेमीठ आणणाऱ्या घरांस पुडीतील आयोडीनयुक्त मीठ घेण्यास, ते झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवण्यास आणि शिजवण्याच्या शेवटी घालण्यास सांगावे. हे बोलण्यास आपल्याइतका अधिकार कोणास आहे? पथ्याच्या बाबतीत खानदेशातील माता-भगिनी आजही वैद्याचा शब्द मानतात. तो विश्वास आहे, म्हणूनच आपल्या एका वाक्याने घरातील मीठ बदलते.

त्या भगिनीच्या घरात माझ्या एका वाक्याने ते बदलले होते. औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी ती आली तेव्हा पंख्याखालीच बसली. घरात पुन्हा आयोडीनयुक्त मीठ आणले काय, हे मी तिला सर्वांआधी विचारले.