सुरक्षा नेमकी कोणाची?



गेल्या महिन्यात आमच्या शिबिरात श्रीलंकेतल्या यादवी युद्धाचा विषय निघाला. एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, ‘‘एलटीटीईने बायकांच्या हाती बंदूक दिली, तिथे तरी बरोबरी होती.’’ दुसरी म्हणाली, ‘‘देशाच्या सुरक्षेचं लष्कर बघेल, आपला काय संबंध?’’ मला दोन्ही पटलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

१९५६ मध्ये श्रीलंकेत एकट्या सिंहलीला राजभाषा केलं गेलं. १९८३ च्या जुलैत तमिळांची कत्तल झाली आणि हजारो कुटुंबं होड्यांतून तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागली. तमिळांवरचा अन्याय खराच होता. पण आपल्या सरकारने निर्वासितांना आसरा देतानाच सशस्त्र तमिळ गटांना गुपचूप शस्त्रं आणि प्रशिक्षणही दिलं. १९८७ मध्ये त्यांतल्याच एलटीटीईशी आपल्या शांतिसेनेला लढावं लागलं. हजाराहून अधिक जवान गेले. १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. शेजारच्या आगीत ओतलेल्या तेलाची झळ आपल्याच अंगणात आली.

राहिली बरोबरी. तो आत्मघाती हल्ला करणारी एक तरुण स्त्रीच होती. अंगाला बॉम्ब बांधून मरण्याचा ‘मान’ तिला मिळाला. युद्ध कधी थांबवायचं, हे मात्र प्रभाकरनच ठरवत होते.

जाफन्याच्या डॉ. रजनी तिराणगामा स्त्रीवादी कार्यकर्त्या होत्या. एके काळी त्या एलटीटीईसोबत होत्या. पुढे त्यांनी श्रीलंकेचं सैन्य, तमिळ गट आणि आपली शांतिसेना या सगळ्यांचे अत्याचार नोंदवले, त्यांत शांतिसेनेच्या जवानांनी केलेले बलात्कारही होते. २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याचा ठपका एलटीटीईवर ठेवला जातो. मला बरोबरीची वाट त्यांच्या कामात दिसते.

१९९१ नंतर संशयाची नजर वळली ती छावण्यांतल्या निर्वासितांकडे. ज्या बायका बंदुकांपासून जीव वाचवून आल्या, त्यांनाच ‘सुरक्षेला धोका’ मानलं गेलं. २००९ मध्ये युद्ध संपलं, तरी आजही हजारो कुटुंबं तमिळनाडूतल्या छावण्यांत आहेत. इथे जन्मलेल्या कित्येक मुलींना नागरिकत्व नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातही श्रीलंकेचं नाव नाही.

वस्तीत काम करताना मी पाहते, कागद नसलेली बाई मारहाणीची तक्रार द्यायलासुद्धा घाबरते. चौकीवर आधी तिचेच कागद मागतील, ही तिची भीती. छावणीतल्या बाईची भीती याहून वेगळी कशी असेल?

म्हणून देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आपलाही आहे. शेजारच्या देशात गुपचूप शस्त्रं पाठवायची नाहीत, आणि आसऱ्याला आलेल्यांना पिढ्यान् पिढ्या छावणीत ठेवायचं नाही, अशी मागणी आपल्या गटांनी उघडपणे करायला हवी. तुमच्या गटांत यावर बोला, आणि मतभेद असतील तर ते जरूर कळवा.