चाकांवरचा संसार

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आमचे एक पुणेकर स्नेही मला त्यातलं सुख समजावताहेत. मोटारीमागे घर जोडायचं. बाहेर कडाक्याची थंडी, आत गादी, चूल, हीटर! मी म्हटलं, "अहो, यात नवं काय? आमच्या सास्तूरकडून दसरा-दिवाळी झाली की अशी घरं निघतातच."

निघतात हो! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी आणि शाळेच्या पटावर फक्त नाव ठेवून आलेली पोरं. मुक्काम उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत. बुकिंग आगाऊच असतं; मुकादमाची उचल घ्यायची आणि हंगामभर फेडायची. नवरा-बायको दोघं, पण हिशेबात 'एक कोयता'! पौषातल्या पहाटे दवानं भिजलेला ऊस धरला की हीटर आठवत नाही, कारण बोटंच आठवत नाहीत.

घर म्हणजे काय, हे आम्हांला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने शिकवलंय. पत्र्याच्या शेडमधली थंडीही काढून झाली. तेव्हा बिनपायाच्या घराची मौज आम्हांला सांगू नका.

धोरण जरूर असावं. पण आधी फडावरच्या ह्या पर्यटकांना पाणी, संडास आणि पोरांना शाळा द्या. परतायची तारीख आपण ठरवतो, ती सहल. उचल फिटल्यावर ठरते, ती सहल नव्हे.

आणि हो, कॅराव्हॅनमधल्या चहाला साखर लागेलच ना? ती ह्याच थंडीत तोडलेली असते!