पुढचा भाग फुकट नाही!

हल्ली आमच्या छावणीत दुपारची वामकुक्षी पार उडाली आहे. चोर आले म्हणून नव्हे. तळहाताएवढ्या पडद्यावर नाटके आली म्हणून! एकेक भाग जेमतेम दीड-दोन मिनिटांचा, आणि असे साठ-सत्तर भाग. पहिल्यात सख्खा भाऊ कारस्थान करतो, तिसऱ्यात बाप हाय खाऊन मरतो, पाचव्यात नायिका सुडाची शपथ घेते. आणि ऐन रंगात आल्यावर पाटी झळकते की, पुढचे पाहायचे तर पैसे भरा! चीनमध्ये भरभराटलेला हा धंदा आता आपल्याकडेही चांगलाच रुजला आहे.

शेजारच्या काकूंना आम्ही विचारले, "काकू, इतके रडू येते तर पाहता कशाला?"

पदराने डोळे टिपत त्या म्हणाल्या, "अहो, शेवटी त्या भावाला शिक्षा होते ना, तेवढ्यासाठी!"

तसा हा माल आपल्याला नवा नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला आणि १९०९ साली खाडिलकरांनी त्यावर 'भाऊबंदकी' रचले. आम्हा छावणीकरांना तर पुण्यालाही जायला नको. बीबी का मकबरा जवळच आहे. तिथे निजलेली दिलरस बानू १६५७ साली गेली. पुढच्याच वर्षी तिच्या नवऱ्याने, औरंगजेबाने, बापाला आग्र्यात कोंडले. १६५९ साली थोरल्या भावाला ठार केले. १६८१ साली तिचा मुलगा अकबर बापावर उलटला आणि त्याच्याशी संधान ठेवले म्हणून मुलगी झेबुन्निसा कैदेत पडली. १७०७ साली दुसरा मुलगा आझम जाजऊला सावत्र भावाशी लढताना पडला. हे पाहायला ती माउली उरली नाही, एवढेच तिचे भाग्य!

पण वाचकहो, आपल्या घरांतला दगा असा तलवार घेऊन येत नाही. तो भाऊबीजेच्या ताटाशेजारी कागद होऊन येतो. "ताई, नुसती सही कर. कायद्याची बाब आहे!" कागदाचे नाव हक्कसोडपत्र.

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरीही माहेर तुटेल या धाकाने कितीतरी बहिणी न वाचताच सही करतात. काकूंनीही पंधरा वर्षांपूर्वी केली. पुढच्या दिवाळीपासून माहेरचे बोलावणे बंद झाले. त्या कोणत्या भावाच्या शिक्षेची वाट पाहतात, हे आम्हाला नंतर कळले.

तेव्हा भाऊरायांनो, ओवाळणीत भारी साडी नसली तरी चालेल. पण कागद पुढे कराल तर तो बहिणीला घरी नेऊ द्या, वाचू द्या, वकिलाला दाखवू द्या. आणि भगिनींनो, हक्क सोडायचा तर खुशाल सोडा. मात्र तो मायेने सोडा, भीतीने नव्हे. कागदाची एकदा नोंदणी झाली की तो फिरवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

मोबाइलमधला सूड सत्तराव्या भागात संपतो. घरातला अबोला मात्र मुले-नातवंडे पुढे चालवतात, आणि त्याची किंमत पैशांत भागत नाही.